पाचवी आणि दहावीची टीडी: शाळेत एकही मूल निसटू नये म्हणून

बाळांच्या लसीकरणाची यंत्रणा गावोगाव रुळली आहे. आशाताई घरी येते, कार्ड बघते, अंगणवाडीत बोलावते. मूल शाळेत जायला लागलं की तो विषय मिटला असं घरचे धरून चालतात. पण राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातले दोन डोस शाळेच्या वयातच येतात. टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींवरची लस, १० व्या वर्षी एकदा आणि १६ व्या वर्षी पुन्हा. इयत्तेच्या हिशेबाने पाचवी आणि दहावी. आपल्याकडच्या कित्येक माध्यमिक शाळा नेमक्या पाचवी ते दहावीच आहेत, त्यामुळे दोन्ही डोस एकाच मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत, एकाच इमारतीत पडतात.

हा लेख मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळेत ज्यांच्या गळ्यात आरोग्याचं काम पडतं त्या शिक्षकांसाठी आहे. सुई टोचायचं काम सिस्टरचं. मुलं जमवायचं, घरी कळवायचं आणि मागे राहिलेली शोधायचं काम आपलं. एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: शाळेतलं लसीकरण नकारामुळे जेवढं कमी पडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त निसटण्यामुळे कमी पडतं. गैरहजर मूल, दप्तराच्या तळाशी चुरगळलेला संमतीचा कागद, सकाळी उपाशी आलेली मुलगी, शेवटच्या तासाला संपलेला वेळ. यातला कुणीही लसविरोधक नसतो. म्हणून भाषणांपेक्षा यादीवर जास्त वेळ घालवावा.

आधी स्वतःला कळू द्या: ही लस कशाला

पालक पहिला प्रश्न वर्गशिक्षकालाच विचारतात, आणि "वरून आदेश आहे" एवढंच उत्तर मिळालं की अर्धा विश्वास तिथेच जातो.

लहानपणी घटसर्पाविरुद्धचे डोस मिळालेले असतात, दीड वर्षाला आणि पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान बूस्टरही झालेला असतो. पण हे संरक्षण कायमचं नाही, वर्षागणिक ते ओसरत जातं. आपल्या देशात घटसर्पाचे रुग्ण आता फक्त तान्ह्या मुलांत नाही, पाच वर्षांवरच्या शाळकरी मुलांतही सापडतात, ते बऱ्याच अंशी यामुळेच. घशात राखाडी पडदा धरतो, मान सुजते, आणि जंतूचं विष हृदयापर्यंत, नसांपर्यंत पोचू शकतं. धनुर्वाताबद्दल वेगळं सांगायला नको, शेतात वावरणाऱ्या घरांत तो शब्द सगळ्यांना ठाऊक आहे.

"आमच्या पोराने सायकलवरून पडल्यावर टीटी घेतलंय की," हे वाक्य हमखास येतं. जुन्या टीटीत फक्त धनुर्वात होता, घटसर्प नव्हता. आता सरकारी केंद्रांत टीटीच्या जागी टीडीच वापरली जाते, म्हणून अलीकडच्या जखमेनंतर मिळालेलं इंजेक्शन कदाचित टीडीही असेल. आपण निकाल द्यायचा नाही. तारीख आणि जमल्यास दवाखान्याचा कागद यादीत नोंदवायचा, पुढचं वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

तारीख: आरोग्य केंद्राने सांगितली म्हणून लगेच हो म्हणू नका

प्राथमिक आरोग्य केंद्र त्यांच्या सोयीची तारीख सुचवेल. शहरात असाल तर नागरी आरोग्य केंद्र. ती मान्य करण्याआधी शाळेचं कॅलेंडर पुढ्यात घ्या.

शनिवार टाळा. शनिवारी सकाळची शाळा, निम्मी मुलं चहा-बिस्किटावर आलेली असतात, आणि रिकाम्या पोटी चक्कर येण्याचं प्रमाण वाढतं. नवरात्रात मुली उपवास धरतात, रमजानमध्ये दहावीतली बरीच मुलं रोजे ठेवतात. ते दिवस सोडा. कोकणात गणपतीच्या पुढेमागे आठवडाभर वर्ग रिकामेच असतात. दहावीला डिसेंबरनंतर हात लावायचा नाही, कारण सराव परीक्षा सुरू झाली की दुखरा दंड आणि थोडा ताप हेसुद्धा पालकांना मोठं संकट वाटतं.

बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतल्या शाळांनी तर जुलै ते सप्टेंबर याच काळात काम उरकावं. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मुलंही आईबापांबरोबर फडावर जातात. नोव्हेंबरमधलं सत्र कागदावर छान दिसतं, पण ज्या मुलांना सर्वांत आधी लस मिळायला हवी तीच त्या दिवशी कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीवर असतात.

वेळ: आठवीपर्यंतच्या मुलांचं पोषण आहाराचं जेवण झाल्यावर, दहावीच्या मुलांची डबा खाऊन झाल्यावर. पण शेवटच्या दोन तासांत कोंबू नका. लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं, आणि एसटीची वेळ झाली की मुलं थांबत नाहीत.

यादी

इथे घाई करू नका, सगळं काम यावर उभं आहे.

यादी हजेरीपटावरून नव्हे, जनरल रजिस्टरवरून, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असते त्या वहीवरून करा. हजेरीपटावर जी मुलं महिनोन्‌महिने गैरहजर आहेत त्यांच्याकडे नजर जातच नाही, आणि लसीकरणाचा आकडा काढताना ती मुलं हिशेबातूनच गायब होतात. "आज वर्गात ४० होते, ४० जणांना दिली, शंभर टक्के" हा हिशेब खोटा आहे, जर पटावर ५२ असतील तर.

रकाने पुढीलप्रमाणे ठेवा: नाव, जन्मतारीख, तुकडी, पालकाचा चालू मोबाइल क्रमांक, आधी टीडी किंवा टीटी घेतल्याची तारीख, पूर्वी इंजेक्शनाने किंवा औषधाने झालेला त्रास, पूर्वी चक्कर आल्याचा इतिहास, संमती मिळाली की नाही, लस दिल्याची तारीख, आणि दिली नसल्यास कारण. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात "नाही" असं लिहून भागणार नाही. गैरहजर, आजारी, कागद आला नाही, पालकांचा नकार, आधीच घेतली, यांपैकी नेमकं एक लिहा. पुढची सगळी धावपळ या कारणांवरून ठरते.

वय आणि इयत्ता जुळत नसलेली मुलं वेगळी खूण करून ठेवा. नववीत १६ पूर्ण झालेला मुलगा किंवा स्थलांतरामुळे उशिरा दाखल झालेली सहावीतली ११ वर्षांची मुलगी, जिचा पाचवीतला डोस कुठल्याच शाळेत झाला नाही. अशी नावं सत्राच्या आधीच वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवली की ते सांगतात कुणाला द्यायचं. पाचवी-दहावीच्या दाराबाहेर उभी राहिलेली ही मुलं कुणाच्याच यादीत येत नाहीत.

यादीची एक प्रत आठवडाभर आधी सिस्टरकडे पोचवा. टीडीची एक कुपी १० डोसांची असते. संख्या कळली तरच त्या पुरेशा कुप्या आणि सिरिंजा आणू शकतात.

संमती: कागद घरी पोचला हेच मुळात गृहीत धरू नका

संमतीचा कागद शुक्रवारी द्या आणि सोमवारी मागा. मधल्या रविवारी घरी कुणीतरी मोठं माणूस असतं. वर्गशिक्षकाने हजेरी घेतानाच कागद आलेल्यांवर खूण करावी, राहिलेल्यांना दुसऱ्यांदा कागद द्यावा. धाकटं भावंड शाळेत असेल तर त्याच्या हातीही एक द्या, धाकटी मुलं निरोप जास्त इमानाने पोचवतात.

सोबत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साधा निरोप टाका. असा काहीसा:

"नमस्कार. येत्या बुधवारी शाळेत आरोग्य केंद्राच्या सिस्टर पाचवी आणि दहावीच्या मुलांना टीडीची लस देणार आहेत. ही धनुर्वात आणि घटसर्पावरची सरकारी लस असून मोफत आहे. दंडावर एकच इंजेक्शन. एक-दोन दिवस हात दुखेल, काहींना किंचित ताप येईल. मुलांना पोटभर जेवून पाठवा, बाह्या सैल असू द्या. पूर्वी एखाद्या इंजेक्शनाने त्रास झाला असेल, मूल सध्या आजारी असेल किंवा अलीकडे धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं असेल तर सोबतच्या कागदावर लिहा. काही विचारायचं असेल तर वर्गशिक्षकांना संध्याकाळी फोन करा."

यात त्रास काय होऊ शकतो ते आधीच सांगितलं आहे. बरेच जण हे वाक्य गाळतात, पालक घाबरतील म्हणून. उलट होतं. न सांगता रात्री ताप आला की पालक घाबरतात, आणि सकाळपर्यंत तो ताप गटावर दहा घरांत पसरलेला असतो.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना फोनवर किंवा भेटून समजावा आणि अंगठा घ्या. भाषेकडे लक्ष द्या. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या घरांत मराठी कागद भिंतीवर चिकटवल्यासारखाच राहतो. त्याच भाषेतला एखादा पालक किंवा शाळेचा माजी विद्यार्थी सोबत घ्या.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांसाठी एक इशारा. पालकांच्या जागी अधीक्षकाने किंवा मुख्याध्यापकांनी सही ठोकायची नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी लस, देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या अनेक कागदांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. पुढे काही मुलींचे मृत्यू झाले, २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंशी लसीचा संबंध दिसून आला नाही, पण सह्यांचा प्रकार संसदेच्या समितीपर्यंत गेला आणि त्या लसीबद्दलचा संशय पुढे वर्षानुवर्षं टिकला. लस निर्दोष असली तरी कागदाने तिला बदनाम केलं. वसतिगृहातल्या मुलांचे पालक दिवाळीला किंवा जून महिन्यात न्यायला-सोडायला येतात, संमती तेव्हाच घेऊन ठेवा.

२०१९ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानेही गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी शाळांमध्ये पालकांच्या संमतीशिवाय लस देता येणार नाही अशी भूमिका घेतली होती. म्हणून "लस नाही तर हॉल तिकीट नाही" असली दमदाटी कुणी करत असेल तर ती तिथल्या तिथे थांबवा.

शंका घेणाऱ्या पालकांशी बोलणं

नकार देणारी घरं थोडी असतात. त्यांच्याशी पालकसभेत, सगळ्यांसमोर वाद घालू नका, माणूस चारचौघांत एकदा नाही म्हणाला की मागे फिरत नाही. वेगळं बसवा, आधी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका.

"ही नसबंदीची सुई आहे" ही अफवा २०१८-१९ च्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळीही काही ठिकाणी फिरली होती. यावर मला सापडलेलं सर्वांत उपयोगी उत्तर आईसाठी आहे: तुम्ही गरोदर असताना दवाखान्यात दंडात जे इंजेक्शन घेतलं, ते याच कुळातलं. तेव्हा टीटी होतं, आता गरोदर बायकांना टीडीच देतात. घेतल्यावर हे मूल झालं ना? बहुतेक वेळा आई हसते आणि बोलणं पुढे सरकतं.

दुसरी शंका कोविडची. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्या मुलांना कोविडची लस मिळू लागली तेव्हा शिबिरं शाळांतच भरली होती. त्यामुळे शाळेत इंजेक्शन म्हटलं की काही घरांत अजून तेच आठवतं, आणि त्यासोबत मोबाइलवर आलेले व्हिडिओही. ही कोविडची लस नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका.

मुलींच्या आया एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात: पाळी चालू असेल तर? चालतं. तसंच साधी सर्दी, थोडा खोकला ही लस टाळण्याची कारणं नाहीत. चांगला ताप असेल किंवा मूल खरोखर आजारी असेल तर पुढे ढकला. आधीच्या याच लसीनंतर गंभीर अ‍ॅलर्जी झाली असेल तर द्यायचीच नाही, तो निर्णय डॉक्टरांचा.

जे पालक तरीही नाही म्हणतील त्यांचं नाव "नकार" म्हणून लिहा आणि संबंध बिघडवू नका. त्यातली काही माणसं दुसऱ्या फेरीत येतात.

सत्राचा दिवस

तीन जागा लागतात: थांबायची खोली, टोचायची खोली, नंतर बसायची खोली. एकच मोठा हॉल असेल तर बाकं उभी करून किंवा चादर लावून आडोसा करा. रांगेतल्या मुलाला पुढच्याच्या दंडात जाणारी सुई दिसता कामा नये. एका वेळी एकच तुकडी आणा, बाकीच्यांचे तास चालू राहू द्या. मुलींसाठी आडोसा आणि शिक्षिका हवीच. गणवेशाच्या घट्ट बाह्यांमुळे दहावीच्या मुली अवघडतात आणि "मला नको" म्हणून मोकळ्या होतात.

ज्यांना पूर्वी चक्कर आली आहे, जे फार घाबरतात, त्यांना मध्ये घ्यायचं नाही. रांग लागण्याआधी किंवा सर्वांत शेवटी, आडवं झोपवून. आणि पहिल्या मुलाची निवड जपून करा. वर्गातला धीट, बडबड्या मुलगा पहिला गेला की बाकीच्यांचं निम्मं काम होतं.

पालक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य विचारतील म्हणून लसीच्या चार गोष्टी शिक्षकांनाही माहीत असाव्यात. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवतात. टीडी गोठली की निकामी होते, म्हणून पेटीतले बर्फाचे पॅक थोडे वितळू देऊन वापरतात. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो: चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरण्याजोगी. प्रत्येक मुलाला नवी सिरिंज, जी वापरानंतर आपोआप बाद होते. आपण सिस्टरची झडती घ्यायची नाही, पण पालकाने विचारलं तर दाखवता आलं पाहिजे.

टोचल्यावर चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही. अर्धा तास बसवायचं. त्या खोलीत शांतता ठेवू नका, शांततेत मुलं एकमेकांचे चेहरे न्याहाळत बसतात. अंताक्षरी, प्रश्नमंजूषा, काहीही चालवा. पाण्याची व्यवस्था ठेवा.

आणि फोटो. गटावर टाकायला टोचतानाचे फोटो काढू नका. रडणाऱ्या एका मुलीचा फोटो तुमच्या सगळ्या तयारीवर पाणी फिरवतो.

चक्कर आली तर

या वयात ही सर्वांत जास्त दिसणारी गोष्ट, आणि सगळ्यांत जास्त बिघडवली जाणारीही. भीतीने, वेदनेने किंवा उपाशीपोटामुळे मूल पांढरं पडतं, घाम फुटतो, कोसळतं. औषधाचा त्यात दोष नसतो. सरळ आडवं झोपवा, पाय थोडे वर, कपडे सैल, भोवती गर्दी नको. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. काही मिनिटांत मूल उठून बसतं.

खरी अ‍ॅलर्जी वेगळी दिसते: अंगावर गांध्या, चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं, घरघर, नाडी जलद आणि क्षीण. ती फार क्वचित होते, पण झाली तर क्षण दवडायचा नाही. सिस्टरकडे अ‍ॅड्रेनॅलिनचं किट असतं, सत्र सुरू होण्याआधीच "किट आहे ना?" हे विचारून घ्या. १०८ ला फोन करणारा शिक्षक आधीच ठरलेला असावा, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा क्रमांक फळ्यावर लिहिलेला.

एकामागोमाग दोन-तीन मुलं कोसळली तर सत्र थोडं थांबवा. कोसळलेल्यांना वेगळ्या खोलीत न्या, बाकीच्यांना मैदानात काढा. २०१४ मध्ये कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात एचपीव्ही लसीनंतर शेकडो मुलींना चक्कर, डोकेदुखी, हातापायांना मुंग्या असा त्रास सुरू झाला. तपासात लसीचा दोष निघाला नाही, पण बेशुद्ध मुलींचे व्हिडिओ देशभर फिरले आणि पुढच्या दोन वर्षांत तिथलं एचपीव्ही लसीकरण अक्षरशः कोसळलं. मुलींचा त्रास खोटा नव्हता, भीतीही शरीरात उतरते. म्हणून "नाटक करते" असं कुणी शिक्षकाने म्हणू नये. मूल सावरल्यावर पालकांना फोन आपण करावा, मुलांच्या मोबाइलवरून बातमी जाण्याआधी.

दुसरी फेरी, जी बहुतेक शाळा घेतच नाहीत

सत्र संपलं की चहा होतो, फोटो निघतो, आणि यादी कपाटात जाते. खरं तर त्याच संध्याकाळी "न दिल्याचं कारण" हा रकाना घेऊन बसायचं. आजारी मुलं आणि कागद न आलेली मुलं यांच्यासाठी १०-१५ दिवसांत पुन्हा एक छोटं सत्र मागा, तारीख पहिल्याच दिवशी सिस्टरकडून घेऊन ठेवा. दीर्घकाळ गैरहजर असलेल्यांची नावं, गाव आणि वाडीसह, आशाताईंना द्या. गावातल्या नेहमीच्या लसीकरण सत्रात, जिथे बाळांना लस देतात, तिथे शाळकरी मुलांनाही टीडी मिळते, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर निघण्याआधीच हे सांगा.

शाळा सोडलेली १६ वर्षांची मुलं यादीच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी शाळेला फार काही करता येत नाही, पण जुन्या वर्गमित्रांना त्यांचा ठावठिकाणा माहीत असतो. वर्गात विचारा, नावं आशाताईंकडे पोचवा.

एचपीव्हीबद्दल थोडं

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या या लसीची चर्चा आता पालकसभांत येते. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली, त्यामुळे शहरी पालकांनी नाव ऐकलेलं असतं. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून मुलींना ही लस दिली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोचली, शिक्षक आणि पालक दोघांनाही आधीपासून सोबत घेऊन. तुमच्या शाळेत ही लस द्यायची वेळ आली तर वरचीच पद्धत वापरा, फक्त आयांची वेगळी सभा घ्या आणि त्यात डॉक्टर किंवा अनुभवी सिस्टर बोलू दे. कर्करोगावर लक्ष केंद्रित ठेवा. लैंगिक विषय निघाला तर टाळू नका, पण सभेची सुरुवात तिथून करू नका.

नोंद

मुलाच्या हातात कार्ड द्या आणि ते फोटो काढून पालकांना पाठवायला सांगा, कारण कार्ड आठवडाभरात हरवतं. प्रगतिपुस्तकाच्या मागच्या पानावर "टीडी, तारीख" असा शिक्का मारता येतो, तो सर्वांत टिकाऊ. सिस्टर यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर, नोंद करत असतील तर पालकाचा मोबाइल क्रमांक बरोबर आहे ना ते तपासा. शाळेच्या प्रतीवर वर्गशिक्षक आणि सिस्टर दोघांची सही असू द्या. पाचवीची यादी फाडून टाकू नका, हीच मुलं पाच वर्षांनी दहावीत येतील तेव्हा जुना रकाना पुन्हा उघडावा लागेल.